बॉल पायथनची अंडी: फिरवू नका, फेकू नका!

ह्यूस्टनहून बोलतोय. माझ्या बॉल पायथन मादीने सहा अंडी घातली आणि मी पहिलाच घोळ करणार होतो, कोंबडीच्या अंड्यांसारखी ती फिरवायचा. थांबा! सापाच्या अंड्यात गर्भ वरच्या बाजूला आतून चिकटतो. अंडं उलटलं तर तो मरू शकतो. म्हणून वर पेन्सिलने खूण करा, तीच बाजू वर राहू द्या. (भारतात असाल तर आधी नोंदणी, बरं का.)

डब्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट, म्हणजे मुठीत दाबलं तर पाणी ठिबकायला नको. झाकण लावून इन्क्युबेटर ३१ ते ३२ अंशांवर. अंधारात मोबाइलचा टॉर्च लावला की लाल शिरा दिसतात. पहिल्यांदा बघितल्या त्या रात्री झोपच नाही!

पन्नासाव्या दिवशी एक अंडं पिचकलं. गेलं, म्हणून फेकायलाच निघालो होतो. टॉर्च लावला, तर शिरा शाबूत. शेवटच्या दिवसांत अंडी अशी पिचकतातच. ५७व्या दिवशी त्यालाच चीर पडली, इवलंसं नाक बाहेर. ओढायचं नाही हं! उरलेला बलक पोटात घेत पिल्लू एखाद-दोन दिवस आतच बसतं. मीही डब्यासमोर बसून राहिलो, ऑफिसला चक्क दांडी मारून.