डिचोलीहून जपानकडे : एका प्रवासाची आखणी

डिचोली तालुक्याच्या लाल मातीने जपान केव्हाच पाहिले आहे. खाणींवरचे लोहखनिज सारमानससारख्या धक्क्यांवरून बार्जमध्ये भरले जाई, मांडवीतून मुरगाव बंदरात पोहोचे आणि तेथून मोठ्या जहाजांनी थेट जपानच्या पोलाद कारखान्यांकडे रवाना होई. १९५० च्या दशकात गोव्याच्या खाणींवर यंत्रयुग अवतरले, त्यात जपानी अर्थसाहाय्याचा मोठा वाटा होता. पुढे अनेक दशके जपान हाच आपल्या खनिजाचा सर्वांत मोठा ग्राहक राहिला. चीनने ती जागा घेतली ती एकविसाव्या शतकात. "माल जपानाक वता" हे वाक्य आमच्या पिढीने लहानपणी इतक्या वेळा ऐकले, की जपान हा देश आम्हाला भूगोलाच्या पुस्तकाआधी बार्जवाल्यांच्या तोंडून कळला.

अशा तालुक्यात गेली पंचवीस-तीस वर्षे बालरुग्णांची सेवा करणाऱ्या माझ्यासारख्याला जपान पाहण्याची इच्छा व्हावी, यात नवल नाही. मुले आपापल्या मार्गाला लागली, गुडघे अजून साथ देत आहेत, आणि मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातच सुरू झाल्याने घर ते विमान हे अंतरही कमी झाले. येत्या नोव्हेंबरात आम्ही उभयता सोळा रात्रींसाठी निघत आहोत. आपल्या संघटनेतील अनेक मित्रांनी आखणीविषयी विचारणा केली, म्हणून हा लेखनप्रपंच.

मार्ग कसा ठरला?

प्रवासी कंपन्यांची माहितीपत्रके चाळली. बहुतेकांचा साचा एकच : टोकियो, फुजी पर्वत, क्योतो, ओसाका आणि परत. ही स्थळे सुंदर आहेत, यात शंका नाही. परंतु गोव्याचे आणि जपानचे जे जुने नाते आहे, ते मुख्यतः दक्षिणेकडील क्युशू बेटाशी आहे आणि तेथे ही माहितीपत्रके पोहोचतच नाहीत. म्हणून आम्ही टोकियोपासून आरंभ करून रेल्वेने दक्षिणेकडे सरकत कागोशिमापर्यंत जायचे ठरवले. टोकियोत चार रात्री, क्योतोत चार, हिरोशिमात दोन, कीताक्युशूला एक, नागासाकीला दोन, कागोशिमाला दोन, आणि तेथून देशांतर्गत विमानाने टोकियोला परतून शेवटची एक. रोज नवे गाव आणि रोज नवे हॉटेल हा प्रकार पन्नाशीनंतर टाळावा, हे रुग्णांना सांगतो तेच स्वतःलाही सांगितले.

काळ निवडताना चेरीच्या बहराचा मोह बाजूला ठेवला. तेव्हा गर्दी फार. शिवाय एप्रिलअखेर जपानी लोकांच्याच सलग सुट्ट्या सुरू होतात. जून-जुलैत तेथेही पावसाळा असतो, आणि पाऊस पाहायला डिचोलीकराने इतक्या दूर का जावे? ऑगस्ट-सप्टेंबरात तायफूनचे भय. नोव्हेंबरात मात्र हवा कोरडी व थंड असते, आणि महिन्याच्या उत्तरार्धात क्योतोच्या मेपल वृक्षांची पाने लाल होतात. आपल्याकडेही पावसाळी तापांची लाट तोवर ओसरलेली असते. त्यामुळे लोकम मिळणे व मनाला रजा मिळणे, दोन्ही सुलभ होते.

नोव्हेंबर निवडण्यास आणखी एक कारण आहे. १५ नोव्हेंबरला तेथे 'शिचि-गो-सान' म्हणजे 'सात-पाच-तीन' हा बालकांचा सण असतो. तीन, पाच व सात वर्षांच्या मुलांना किमोनो घालून देवालयात नेतात, त्यांच्या आयुरारोग्यासाठी प्रार्थना करतात आणि दीर्घायुष्याचे प्रतीक म्हणून लांबट गोळ्या देतात. बालमृत्यूचे प्रमाण मोठे असलेल्या काळात मूल तीन, पाच, सात वर्षांचे झाले हीच कृतज्ञतेची गोष्ट होती. आपल्याकडची सटवाईची पूजा ज्याने पाहिली आहे, त्याला या सणाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. तो दिवस टोकियोच्या मेइजी देवालयात घालवायचा, असे ठरले आहे.

टोकियो ते हिरोशिमा

टोकियोत डॉक्टरांसाठी पहिले आश्चर्य खिशातच असते. जुलै २०२४ पासून चलनात आलेल्या हजार येनच्या नोटेवर जीवाणुशास्त्रज्ञ कितासातो शिबासाबुरो यांचे चित्र आहे. त्याआधीच्या नोटेवर नोगुची हिदेयो हेही वैद्यकशास्त्रज्ञच होते. याच नगरीतील हिरो भागातल्या रेडक्रॉस रुग्णालयात डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी १९६१ मध्ये ताप, पुरळ, लाल डोळे व लाल ओठ असलेला एक चार वर्षांचा मुलगा पाहिला. निदान कोणत्याच चौकटीत बसेना. त्यांनी घाई केली नाही. सहा वर्षे नोंदी ठेवल्या आणि १९६७ मध्ये पन्नास रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आज जगभरचे बालरोगतज्ज्ञ ज्याला कावासाकी रोग म्हणतात, तो असा एका सामान्य वॉर्डातील वहीतून जन्मला. २०२० मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते निवर्तले. त्या इमारतीत पाहण्यासारखे काही असो वा नसो, बाहेरून एक नमस्कार करण्याचा मानस आहे.

असाकुसा भागात मात्सुचियामा शोदेन हे मंदिर आहे. तेथील देवता कांगितेन म्हणजे आपला गणपतीच. नैवेद्य मात्र मोदकाऐवजी पांढऱ्या मुळ्याचा. तोक्योजवळच्या ताकाओ पर्वतावर मार्च महिन्यात भाविक निखाऱ्यांच्या वाटेवरून अनवाणी चालतात, हे वाचले तेव्हा शिरगावच्या लईराई जत्रेतील धोंडांची आठवण झाली. ऋतू वेगळा असल्याने तो सोहळा या वेळी आम्हाला दिसणार नाही; परंतु ज्यांना मार्चमध्ये सवड असेल, त्यांनी अवश्य टिपून ठेवावे.

क्योतोत मंदिरे शेकडो आहेत. रोज दोनच पाहायची असा दंडक घातला आहे. एक दिवस नारा. तेथील तोदाइजी मंदिरातील सुमारे पंधरा मीटर उंचीच्या कांस्य बुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी इ. स. ७५२ मध्ये बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला. पुढे हिरोशिमाच्या वाटेवर ओकायामाला अर्धा दिवस उतरून कोराकुएन उद्यान पाहायचे आहे. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ज्याच्या धर्तीवर उभारले, तेच हे मूळ उद्यान. ज्यांना जपानला जाणे शक्य नाही, त्यांनी पुण्याच्या पुढच्या फेरीत एक सकाळ तेथे काढावी. आणि पु. लं.चे 'पूर्वरंग' घरी असेल तर निघण्यापूर्वी पुन्हा काढून वाचावे.

हिरोशिमात जाताना मन जड होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता बॉम्ब फुटला तो डॉ. शिमा यांच्या रुग्णालयाच्या माथ्यावर. इमारत, रुग्ण, परिचारिका, कोणीच उरले नाही. डॉ. शिमा शस्त्रक्रियेसाठी परगावी गेले होते म्हणून वाचले; त्याच रात्री परतून ते जखमींच्या सेवेला लागले आणि पुढे त्यांनी त्याच जागी रुग्णालय पुन्हा बांधले. शांती उद्यानातील बालस्मारक सादाको सासाकीच्या स्मृतीशी निगडित आहे. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि बाराव्या वर्षी, १९५५ मध्ये, रक्ताच्या कर्करोगाने गेली. या शहरासाठी एक दिवस पुरेसा आहे असे सांगतात. आम्ही दोन रात्री ठेवल्या आहेत.

क्युशू : जुने ऋणानुबंध

येथून पुढे प्रवासाचा जो भाग येतो, त्यासाठीच खरे तर हा सारा खटाटोप. १५४८ साली कागोशिमाचा अंजिरो हा जपानी गृहस्थ जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात शिकत होता. त्याच्याकडून जपानची माहिती मिळवून फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्टला कागोशिमाला उतरले. नंतर, १५८२ मध्ये, चार कुमारवयीन जपानी मुले नागासाकीहून रोमला निघाली; परतीच्या वाटेवर १५८७ मध्ये त्यांपैकी मार्तिन्यो हारा याने गोव्यात लॅटिन भाषेत भाषण केले आणि ते १५८८ मध्ये गोव्यातच छापले गेले. आठ वर्षांनी मुले घरी परतली तेव्हा तरुण झाली होती. आपले डिचोली-पेडणे तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हते. ते त्यांच्या ताब्यात गेले अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तरीही मांडवीच्या मुखावरून जपानकडे जहाजे सुटत होती, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी ज्या सव्वीस जणांना क्रूसावर चढवले, त्यांत आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते. मराठी मुलखातील हा माणूस तेथे संत म्हणून पूजला जातो.

कीताक्युशू हे पोलादाचे नगर. यावाता येथील सरकारी पोलाद कारखाना १९०१ मध्ये सुरू झाला. १९६० च्या दशकात शेजारच्या दोकाई उपसागराला लोक 'मृत समुद्र' म्हणत. अशा वेळी तोबाता भागातील गृहिणी पुढे सरसावल्या. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काजळी त्यांनी मोजली, शाळेतील मुलांच्या गैरहजेरीशी ती ताडून पाहिली आणि ते पुरावे घेऊन कारखान्यांपुढे व नगरपालिकेपुढे उभ्या राहिल्या. 'आम्हाला निळे आकाश हवे' ही त्यांची हाक होती. आज त्या उपसागरात मासे परतले आहेत. घरच्या बायकांनी केलेले हे साथरोगशास्त्र आहे, आणि ते आपण डॉक्टरांनी जाऊन पाहावे असे मला वाटते.

कागोशिमाहून एक दिवस मिनामातासाठी राखला आहे. पर्यटकांच्या यादीत हे गाव नसते. १ मे १९५६ रोजी तेथील रासायनिक कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनी चालता-बोलता न येणाऱ्या मुलांची वर्दी आरोग्य केंद्राला दिली. त्यांत दोन लहानग्या सख्ख्या बहिणी होत्या. पुढे मांजरांवरील प्रयोगात त्यांना कारखान्याच्या सांडपाण्याचा दोष दिसला. परंतु कंपनीने तो निष्कर्ष दाबून ठेवला आणि पारायुक्त पाणी १९६८ पर्यंत समुद्रात जात राहिले. वार मातेचे विष अडवते, अशी तेव्हाची समजूत होती. डॉ. हारादा मासाझुमी यांनी जन्मतःच बाधित असलेली मुले तपासून ती खोटी ठरवली. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ लाकडी डबीत जपून ठेवतात. त्या नाळांतील पारा मोजून पुढे पुरावा मिळाला. आयांनी मायेने जपलेली वस्तू न्यायाला उपयोगी पडली.

हे वाचताना मला आपलाच तालुका दिसतो. आपल्याकडे पारा नाही, रोग तो नाही. तुलना ताणू नये. परंतु खाणींच्या काळात ट्रकांच्या धुळीने खोकणारी मुले आपण ओपीडीत पाहिली, विहिरी आटल्याचे व शेतांत गाळ आल्याचे गावोगाव ऐकले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा चालू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात काम परत सुरू झाले. खाणीवर अनेक रुग्णांची चूल चालते, हेही आपण जाणतो. अशा वेळी तालुक्यातील डॉक्टरने काय करावे? कावासाकींची वही, तोबाताच्या बायकांची मोजणी आणि होसोकावांची वर्दी ही तिन्ही उदाहरणे एकच सांगतात : जे दिसते ते तारखेसह लिहून ठेवावे. आपल्या केसपेपरांत गाव, घराचे रस्त्यापासूनचे अंतर आणि खोकल्याचा महिना एवढे जरी नोंदले, तरी पुढच्या पिढीच्या हाती काही राहील.

थोडी व्यावहारिक तयारी

औषधांची पिशवी भरताना आपण डॉक्टर सैल असतो. जपानात तसे चालत नाही. अॅम्फेटामाइन वर्गातील औषधे चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून अधिक किंवा कोडीन एक टक्क्याहून अधिक असलेल्या गोळ्यांवरही निर्बंध आहेत. नेहमीची औषधे एक महिन्याहून अधिक काळाची नेणार असाल तर आगाऊ परवानगी घ्यावी लागते. मूळ वेष्टन व इंग्रजी चिठ्ठी सोबत असावी, आणि आरोग्य विमा चुकवू नये.

रेल्वेच्या सर्वसमावेशक पासचे दर ऑक्टोबर २०२३ पासून बरेच वाढले आहेत. सुटी तिकिटे स्वस्त पडतात का, ते आधी ताडून पाहावे. जड बॅगा एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात कुरिअरने पाठवण्याची तेथे उत्तम सोय आहे. वीज १०० व्होल्टची व प्लग दोन चपट्या पट्ट्यांचा. टिप देण्याची प्रथा नाही. नुस्ते खाणाऱ्या गोंयकाराला भात आणि भाजलेला बांगडा सहज मिळेल. शाकाहारी मंडळींनी मात्र लक्षात ठेवावे, की भाजीच्या सारातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. बौद्ध मठांतील 'शोजिन' भोजन हे शुद्ध शाकाहारी. भाषेची भीती नको : जपानीतही क्रियापद आपल्यासारखेच शेवटी येते आणि प्रत्यय नामाच्या मागे लागतात. 'सुमिमासेन' म्हणजे 'माफ करा' आणि 'आरिगातो गोझाइमासु' म्हणजे 'आभारी आहे', हे दोन शब्द पाठ असले की पुष्कळ निभते.

लहान गावातील डॉक्टर दवाखाना सोडून पंधरा दिवस जाऊ शकत नाही, असे आपण वर्षानुवर्षे एकमेकांना सांगत आलो आहोत. आपल्या संघटनेत एकमेकांची ओपीडी सांभाळण्याची रीत आहे, तिचा उपयोग करावा. माझ्या अनुपस्थितीत ज्या सहकाऱ्याने बाळे पाहण्याचे मान्य केले आहे, त्याला पुढच्या वर्षी कुठे जायचे असेल तर माझी खुर्ची तयार आहे.