निळी नळी सगळीकडे चालत नाही

ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल इंजिनातली थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते. पिस्टन मात्र हवा ओढतच राहतात, आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका असतो. धडधाकट इंजिन आयडलिंगला असताना आतला दाब त्याहून साधारण ४५० ते ५५० मिलिमीटरने कमी भरतो. या फुकटच्या ओढीवर ब्रेकचा बूस्टर चालतो, पेट्रोलच्या टाकीतली वाफ इंजिनात खेचली जाते आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरचं टायमिंगही पुढे-मागे होतं. डिझेल इंजिनात हवा अशी कोंडली जात नाही, म्हणून तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप बसवतात.

ही ओढ जिथल्या तिथे पोचवतात त्या बोटाएवढ्या किंवा त्याहून बारीक रबरी नळ्या. बॉनेटखालची उष्णता त्यांना कडक करते आणि हवेतला ओझोन भेगा पाडतो. भेग बहुधा टोकालाच पडते, कारण निपलवर, म्हणजे नळी जिच्यावर बसते त्या तोटीवर, चढवताना रबर तिथे ताणलेलं असतं. मग आयडलिंग वर-खाली होतं, बारीक सूं असा आवाज येतो, नव्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजमध्ये तडकलेलं टोक अर्धा इंच कापून नळी पुन्हा चढवून देतात. काही दिवस निभावतं. पण उरलेली नळीही तितकीच म्हातारी असते.

नवी नळी घ्यायला पुण्याच्या नाना पेठेसारख्या बाजारात गेलं की सर्वांत आधी डोळ्यांत भरते ती निळी किंवा लाल सिलिकॉनची. दिसते झकास, आणि २०० अंश सेल्सिअसच्या आसपासचा ताप सहज सोसते; ओझोनही तिचं फारसं बिघडवत नाही. म्हणून सगळ्या नळ्या एकदम निळ्या करून टाकायचा मोह होतो. पण सिलिकॉन मऊ असतं. पातळ भिंतीची नळी आतल्या ओढीने चपटी होते, वळणावर तर हमखास. चार मिलिमीटर भोकाची सिलिकॉन नळी घ्यायची तर भिंत दोन मिलिमीटर तरी जाड हवी. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. पेट्रोलची वाफ सिलिकॉनमधून झिरपते आणि त्याला फुगवते. टाकीच्या वाफेची नळी सिलिकॉनची घातली, तर जी वाफ बाहेर पडू नये म्हणून एवढी यंत्रणा उभी केली, तीच नळीच्या भिंतीतून निसटते.

म्हणून नळीतून काय जाणार, हे आधी पाहायचं. नुसती हवा असेल तर ईपीडीएम हे काळं रबर उत्तम: स्वस्त, उष्णतेला आणि ओझोनला पक्कं. मात्र तेल किंवा पेट्रोल लागलं की ते फुगून लिबलिबीत होतं. क्रँककेसमधून तेलकट वाफ आणणाऱ्या पीसीव्हीच्या नळीला ते चालत नाही. तिथे नायट्राइल हवं. नायट्राइल ओझोनला कच्चं, म्हणून चांगल्या नळीवर वेगळ्या रबराचं आवरण असतं. पेट्रोल आणि प्रखर उष्णता दोन्ही सोसणारं फ्लोरोइलॅस्टोमर, ज्याला बाजारात व्हायटॉन म्हणतात, ते महाग पडतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलं जातं. त्यामुळे जुन्या गाडीच्या इंधनाच्या वाटेवरची नळी बदलताना ती इथेनॉलला चालते का, हे दुकानदाराला विचारलेलं बरं. फिश टँकची पारदर्शक नळी मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी नको. ती उष्णतेत आधी मऊ पडते, मग काचेसारखी कडक होते.

ब्रेक बूस्टरच्या नळीला यातलं काहीच लागू नाही. ती जाड, आतून धाग्याने बळकट केलेली असते आणि तिच्या वाटेवर एकाच दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो. तिथे मीटरवर मिळणारी कुठलीही नळी न घालता त्या मॉडेलसाठीचाच पार्ट घ्यावा. ही नळी निसटली तर ब्रेक लागतात, पण पायाला कितीतरी जास्त जोर लावावा लागतो.

दुकानात जाताना जुना तुकडा सोबत न्यावा, पण माप त्याच्या सैल पडलेल्या टोकावरून घेऊ नये, निपलच मोजावं. कापायला कात्रीपेक्षा धारदार ब्लेड बरं, टोक सरळ येतं. आणि कार्ब्युरेटरवाल्या जुन्या मारुती ८००सारख्या गाडीत एक नळी काढावी, तिच्या जागी नवी चढवावी, मगच दुसरीला हात लावावा. सगळ्या एकदम उपसल्या, तर कुठली कुठे जात होती हे शोधण्यात दुपार जाते.