जमिनीतील ओल आणि ज्वारीचे खत



मराठीच्या निवृत्त अध्यापकाने ज्वारीच्या खतावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु या सभागृहातील अनेकांची घराणी मराठवाड्यातून हैदराबादेस आलेली आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो प्रदेश व हे शहर एकाच राज्यात नांदत होते, आणि आपल्या ताटातली भाकरी तिकडच्या काळ्या रानातून येत होती. त्या रानाचा एक हिशेब न कळल्यामुळे माझ्या काकांचे संबंध वर्ष वाया गेले होते. आज तोच हिशेब मांडावयाचा आहे.

खरिपाचे पीक पावसात वाढते. रब्बी ज्वारी मात्र पाऊस सरता सरता, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरली जाते, आणि पुढचे चार महिने मुख्यतः जमिनीत साठलेल्या ओलीवर जगते. खोल काळ्या जमिनीत पिकाला शोषून घेता येईल असे सुमारे २०० मिलिमीटर पाणी मावते. उथळ मुरमाड रानात त्याच्या निम्मेही मावत नाही. ही कोठी एकदाच भरते. नंतर केवळ उपसा.

आता नत्राचे कार्य पाहा. नत्राने पान वाढते, आणि पान वाढले की पाण्याचा खर्चही वाढतो. कोठी मोठी असेल तर हा खर्च दाण्याच्या रूपाने परत मिळतो. लहान असेल तर पीक पोटरीत येण्यापूर्वीच ती रिती होते. म्हणूनच महाराष्ट्रात कोरडवाहू रब्बी ज्वारीसाठी नत्राची शिफारस जमिनीच्या खोलीप्रमाणे बदलते : हेक्टरी हलक्या जमिनीस २५ किलो, मध्यम जमिनीस ४० आणि भारी जमिनीस ६०. स्फुरद मध्यम जमिनीस २० किलो, भारी जमिनीस ३०. ज्या रानाला अधिक गरज भासते, त्या हलक्या रानालाच कमी खत द्यावे, हे वरकरणी उलटे वाटते. काकांनाही ते उलटेच वाटले. त्यांनी मध्यम रानात दुप्पट युरिया दिला आणि पेराही दाट केला. दिवाळीत त्या रानाकडे पाहून गाव हेवा करीत होते. पौषात, दाणे भरण्याच्या वेळी, ताटे बुंध्याशी मोडून लोळू लागली. तो खडखड्या रोग. त्याची बुरशी मातीतच असते. पिकाला पाण्याचा ताण पडला की ती खोडात शिरते, आणि दाट पेरा व वाजवीपेक्षा अधिक नत्र तिला वाट मोकळी करून देतात. त्या वर्षी घरात ना पुरते धान्य आले, ना धड कडबा.

खत किती, याइतकेच ते कोठे पडते याला महत्त्व आहे. अन्नद्रव्ये पाण्यात विरघळूनच मुळांपर्यंत पोहोचतात. रब्बीत वरचा थर लवकर सुकतो. त्यावर मागाहून फेकलेले खत पिकाच्या दृष्टीने कुलूपबंद. म्हणून सर्व खत पेरणीच्या वेळीच, दोन चाड्यांच्या पाभरीने, ओलीत पेरून द्यावयाचे.

मग राखण उरते ती ओलीची. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात अखंड पासेच्या आणि आठव्यात दातेरी कोळप्याने कोळपणी करतात. पहिल्या दोन तण काढतात. तिसरी काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगा बुजवते, कारण त्या भेगांतूनच खोलवरची ओल उडून जाते. हे काम वाफशावरच होते. वाफसा हा शब्द कोशात शोधण्यापेक्षा रानात समजतो : पायाला चिखल चिकटत नाही आणि ढेकूळ मुठीत सहज फुटते. मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही असतात, तो हा काळ.

खरिपात भिजलेली काळी जमीन वाफशावर लवकर येत नाही, म्हणून ती पावसाळाभर पड ठेवण्याची रीत पडली. आपल्या शहराजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅटने, १९७२ च्या दुष्काळातच स्थापन झालेल्या संस्थेने, १९७६ पासून हीच रीत पारखली. रुंद वरंबे व सऱ्या पाडून जादा पाणी सावकाश बाहेर काढले, पावसापूर्वी कोरड्यात पेरणी केली, हेक्टरी ६० किलो नत्र दिले आणि दोन्ही हंगामांत पिके घेतली. उत्पन्न सरासरीने हेक्टरी पाच टनांच्या आसपास राहिले. जुन्या पद्धतीच्या शेजारच्या रानात ते एक टनाच्या आसपासच. हा फरक केवळ खताचा मानणे चूक ठरेल. शिवाय पाटणचेरूस सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यात तो पुष्कळ कमी असल्याने हा नमुना तेथे जसाच्या तसा उचलता येत नाही, असे माझे मत आहे.

काकांनी पुढे एक सवय लावून घेतली. पेरणीपूर्वी ते लोखंडी सळई घेऊन रानात तीन-चार ठिकाणी खुपसून पाहत. ती किती खोल सहज जाते, ते बोटांनी मोजत, आणि मगच खोलीतून खताची किती पोती काढावयाची ते आम्हा पोरांना सांगत.