कक्षीय कोनीय संवेगयुक्त लेसर शलाका

ज्या लेसर शलाकेचे तरंगाग्र सपाट नसून प्रसाराच्या अक्षाभोवती मळसूत्राप्रमाणे पिळलेले असते, तिला कक्षीय कोनीय संवेगयुक्त शलाका म्हणतात. अक्षाभोवती एक फेरी पूर्ण करताना तरंगाची कला ३६० अंशांच्या 'ल' पट बदलते. 'ल' हा पूर्णांक असून त्याचे चिन्ह पिळाची दिशा दर्शवते. नेमक्या अक्षावर कला निश्चित करता येत नाही. त्यामुळे तेथे तीव्रता शून्य होते व पडद्यावर ठिपक्याऐवजी तेजस्वी कडे दिसते. मात्र केवळ कडे दिसले म्हणजे पीळ आहेच, असे सिद्ध होत नाही.

वर्तुळाकार ध्रुवणामुळे प्रत्येक फोटॉनला फार तर एक न्यूनीकृत प्लांक स्थिरांकाइतका कोनीय संवेग मिळतो. कक्षीय संवेग त्याच्या 'ल' पट असतो, हे १९९२ मध्ये लेस ॲलन आणि नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठातील सहकाऱ्यांनी दाखवले.

निर्मिती

सर्वांत सरळ साधन म्हणजे जिन्यासारखी चढत जाणारी पारदर्शक सर्पिल चकती. हीलियम-निऑन लेसरच्या ६३३ नॅनोमीटर तरंगलांबीसाठी व १.५ प्रणमनांकाच्या पदार्थासाठी, 'ल' एक असताना, तिची पायरी सुमारे १.२७ मायक्रोमीटर उंच लागते. अशी चकती एकाच तरंगलांबीला नेमकी लागू पडते.

प्रयोगशाळेत म्हणूनच संगणकनियंत्रित द्रव-स्फटिक पटल अधिक वापरतात. सर्पिल कला आणि तिरप्या प्रतलाची कला यांची बेरीज केली, की मध्यभागी काट्याच्या चमच्यासारखी दुभंगलेली जालकाकृती तयार होते. तिच्यातून विवर्तित झालेल्या पहिल्या क्रमाच्या शलाकेला पीळ मिळतो; विरुद्ध बाजूच्या शलाकेचा पीळ उलट असतो.

दिशानियंत्रण

याच आकृतीने शलाका वळवताही येते. जालकाचा आवर्त जितका लहान, तितका विचलन कोन मोठा. ८० मायक्रोमीटर आवर्ताने वरील लेसर सुमारे ०.४५ अंश वळतो. आवर्त आणखी कमी केल्यास त्यात मोजकेच चित्रबिंदू उरतात व इच्छित दिशेला जाणारा प्रकाश घटतो. म्हणून ही पद्धत काही अंशांपुरतीच उपयोगी ठरते. मोठ्या कोनासाठी आरसे वापरतात, परंतु प्रत्येक परावर्तनात 'ल' चे चिन्ह उलटते. आरशांची संख्या विषम असेल, तर हा बदल हिशेबात धरावाच लागतो.

उपयोग व मर्यादा

१९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात अशा शलाकेने प्रकाश शोषणारे सूक्ष्म कण फिरवण्यात आले. निरनिराळ्या 'ल' च्या शलाका एकमेकींपासून वेगळ्या करता येत असल्याने संदेशवहनातही त्यांचा वापर होतो. 'ल' ला तत्त्वतः मर्यादा नसली, तरी तो वाढेल तसे कडे रुंदावते आणि मोठ्या व्यासाचा ग्राहक लागतो. त्यातच हवेतील खळबळीने तरंगाग्र विस्कटून एका 'ल' चा प्रकाश शेजारच्या 'ल' मध्ये मिसळतो.