सही करा, काका!

दिवसातून आपण किती वेळा वाचतो, कधी मोजलंय? ऑफिसचे मेल, मेन्यूकार्ड, लिफ्टमधली नोटीस... वाचता येणं आपण इतकं गृहीत धरलंय, की त्याचं अप्रूपच नाही. मलाही नव्हतं. मागच्या दिवाळीत बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेले, तोवर.

शेजारच्या काकांचं पार्सल आलं होतं. पोऱ्या घाईत होता. म्हणाला, "अंगठा चालंल." काका म्हणाले, "थांब जरा. पेन दे."

काका ऊसतोड कामगार. लहानपणी दसरा झाला की आईबापाबरोबर कारखान्यावर, सहा-सहा महिने कोपीत. नाव शाळेच्या पटावर आणि पोरगा उसाच्या फडात! आमच्याकडे ही घरोघरची गोष्ट. 2011 च्या जनगणनेत राज्याची साक्षरता 82 टक्क्यांवर होती, बीडची मात्र 77 च्या आसपास.

काही वर्षांपूर्वी बांधावरून भांडण झालं, केस झाली आणि काका आठ महिने जेलमध्ये गेले. पुढे निर्दोष सुटले. त्या दिवसांबद्दल विचारलं, तर जेवणाचं किंवा बराकीचं बोलत नाहीत. म्हणतात, "चार्जशीट हातात दिली, पोरी. माझ्याबद्दलच लिहिलेलं, अन् मलाच कळंना काय लिहिलंय."

आरोपपत्राची प्रत फुकट मिळणं हा आरोपीचा कायदेशीर हक्क. पण वाचता येत नसेल, तर तो नुसता कागदांचा गठ्ठा! काका एकटे नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2019 च्या आकड्यांनुसार देशातले 27.7 टक्के कैदी निरक्षर होते आणि आणखी 41 टक्क्यांहून जास्त दहावीच्या आत थांबलेले.

म्हणजे जेलमध्ये शिक्षण नाही असं नाही हं. येरवडा, नागपूरसारख्या मध्यवर्ती कारागृहांत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नूचे अभ्यासक्रम चालतात. परीक्षा पास झालेल्या शिक्षाबंद्यांना शिक्षेत 90 दिवसांपर्यंत माफीही मिळते. मस्तच!

पण गोची इथेच आहे. माफी मिळते ती शिक्षा झालेल्याला. काकांसारख्या कच्च्या कैद्याला शिक्षाच झालेली नसते, तर माफी कशातून देणार? 2022 मध्ये देशातल्या दर 100 कैद्यांपैकी जवळपास 76 कच्चे कैदीच होते. त्यातून जामीन कधी होईल याचा नेम नाही. दोन-तीन वर्षांचा कोर्स त्यांच्या काय कामाचा? त्यांना हवी असते बाराखडी. ताबडतोब.

त्यासाठी 2022 ते 2027 या काळासाठी आखलेला 'उल्लास' हा नव भारत साक्षरता कार्यक्रम जास्त जवळचा वाटतो. वय 15 च्या पुढे, शिकवणारे स्वयंसेवक आणि वाचन, लेखन, संख्याज्ञान अशी 150 गुणांची चाचणी. महाराष्ट्रात ती 17 मार्च 2024 ला झाली. आत अर्धवट राहिलं, तरी बाहेर येऊन पुरं करण्यासारखं.

काकांच्या वेळी असं काही नव्हतं. बराकीतल्या एका शिकलेल्या कैद्यानं त्यांच्याकडून अक्षरं गिरवून घेतली. सुटायच्या आधी त्यांनी लेकीचं पत्र स्वतः वाचलं. अख्खी दुपार लागली म्हणे.

पार्सलवाल्याची मात्र दोनच मिनिटं गेली. सही वाकडीतिकडी, पण अख्खं नाव. आडनावासकट!