दही, सोयाबीन आणि जठरातला पाहुणा

कामरगावात कोणाच्या पोटात जळजळ सुरू झाली, की घरातली आजी सांगते, "वाटीभर दही खा, बरं वाटेल." या सल्ल्यात तथ्य किती? ते तपासायला आपल्याच शिवारातले सोयाबीन कामी येते.

दोन पेल्यांत थोडा युरिया, म्हणजे तेच आपले खत, पाण्यात विरघळवा. एकात कच्च्या सोयाबीनचे पीठ टाका, दुसऱ्यात सोयाबीन चांगले उकळून, वाटून टाका. दोन्हींत हळदीने रंगवलेल्या कागदाची पट्टी बुडवून ठेवा. (शिक्षकांसमोर करा, आणि चव मात्र घेऊ नका!) काही वेळाने पहिल्या पेल्यातली पट्टी लालसर होते, दुसरीतली पिवळीच राहते. कच्च्या सोयाबीनमध्ये यूरिएज नावाचे विकर असते. ते युरियापासून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. अमोनिया अल्कधर्मी, म्हणून हळद लाल झाली. उकळल्यावर विकर नष्ट होते.

हेच विकर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूजवळ भरपूर असते. जठरातल्या तीव्र आम्लात तो जगतो कसा, याचे उत्तर येथे आहे. आपल्या शरीरातला युरिया फोडून तो स्वतःभोवती अमोनियाचे कवच करतो आणि जठराच्या बुळबुळीत अस्तरात घर करतो. तेथे सूज येते, काहींना व्रण होतो, थोड्यांना पुढे कर्करोगही. १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी तो प्रयोगशाळेत वाढवला. लोक विश्वास ठेवीनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी जीवाणूंचा द्रव स्वतःच पिऊन टाकला! काही दिवसांतच त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मी भौतिकीचा माणूस, मला याची श्वासाची चाचणी फार आवडते. रुग्णाला कार्बन-१३ असलेला युरिया पाजतात. जीवाणू असेल तर तो युरिया फुटतो आणि जड कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासात सापडतो. पोटाला हातही लावावा लागत नाही.

आता दही. तिसऱ्या पेल्यात कच्च्या पिठाबरोबर भरपूर दही घाला. पट्टी बराच वेळ पिवळीच राहील. "दह्याने जीवाणू मरतो!" असे ओरडू नका. येथे जीवाणू नाहीच, दह्याच्या आंबटपणाने अमोनिया झाकला एवढेच. शिवाय दह्याचा पीएच सुमारे ४.५, तर जठररसाचा सुमारे १.५, म्हणजे जठररस हजारपट आम्ल. त्याला जो पुरून उरला, तो दह्याच्या आंबटपणाला काय भिणार?

दह्यातले काही लॅक्टोबॅसिलस जीवाणू मात्र त्याला अस्तराला चिकटू देण्यात अडथळा आणतात. माणसांवरील चाचण्यांत विशिष्ट जीवाणूंच्या दह्याने त्याची संख्या घटलेली दिसली, पण केवळ दह्याने त्याचा नायनाट सहसा होत नाही. त्यासाठी दोन प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध, बहुधा चौदा दिवस घ्यावे लागते. या औषधांनी होणारे जुलाब प्रोबायोटिक जीवाणूंमुळे कमी होतात. आजीच्या वाटीचा खरा उपयोग हा, उपचाराबरोबर. घरच्या विरजणात नेमके कोणते जीवाणू आहेत हे मात्र दर घरी वेगळे.

पोट वारंवार दुखत असेल किंवा शौच काळी होत असेल, तर दह्यावर दिवस ढकलू नका. आणि औषधांत टेट्रासायक्लिन असेल, तर गोळी दह्याबरोबर घेऊ नये: दह्यातले कॅल्शियम तिला धरून ठेवते आणि ती रक्तात नीट उतरत नाही. दोहोंत किती तासांचे अंतर ठेवायचे, ते डॉक्टरांना विचारून घ्या.