नदीकाठचा बाक आणि नदीकाठची भिंत

पुणे महापालिकेने मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचं काम काढलंय. त्यावर एक प्रश्न हमखास निघतो : करमणुकीवर करदात्यांचा पैसा कशाला? मला हा आक्षेप लंगडा वाटतो. अॅरिस्टॉटलच्या मते आपण काम करतो ते मुळी फुरसतीसाठीच. बंगलेवाला आपली फुरसत विकत घेतो. दोन खोल्यांत सहा माणसं राहतात, त्यांनी संध्याकाळी बसायचं कुठे? तो बाक पालिकेनेच द्यायला हवा.

पण याच प्रकल्पात बाकाबरोबर बांधीव काठही येतो, आणि घोटाळा तिथे आहे. पुरात बाक बुडाला तर पाणी ओसरल्यावर धुऊन घेता येतो. भिंत पात्र आवळते. खडकवासल्यातून पाणी सोडतात तेव्हा मुठेला पसरायला जागा लागते. ती जागा मोकळी दिसते म्हणून रिकामी नसते, बरं का! वर्षातले चार-आठ दिवस का होईना, नदी ती वापरते.

तेव्हा आधी सांडपाणी शुद्ध करा. वास मारत असेल तर बसणार कोण? मग बाक, झाडं, बायकांसाठी स्वच्छतागृहं, यांवर खुशाल खर्च करा. भिंतीचा खर्च मात्र करमणुकीच्या खात्यात दाखवू नका.